साखर ओळखणारा रेणू

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या थोरल्या भावाला, अण्णांना, मधुमेह आहे. एका सकाळी बोट टोचून पाहिलं, तर यंत्रावर आकडा २१०. इन्सुलिन वाढवायला हात पुढे झालाच होता. वहिनी म्हणाल्या, "थांबा, आधी लॅबमध्ये तपासून घेऊ." तिथे निघाली १५०. जादा इन्सुलिन गेलं असतं, तर साखर एकदम उतरून जिवावर बेतलं असतं. चूक आमचीच. पट्ट्यांच्या डबीचं झाकण चार दिवस उघडं राहिलं होतं.

मी रसायनशास्त्राचा मास्तर, तरी तेव्हा खजील झालो. कारण पट्टीवर एन्झाइम असतं. ते प्रथिन. ओल आणि उष्णता त्याला सोसत नाही. मग साखर ओळखणारा टिकाऊ रेणू प्रयोगशाळेतच घडवला तर? ठरावीक पाहुण्यालाच जागा देणारे असे रेणू घडवण्याबद्दल पेडर्सन, क्रॅम आणि लेन यांना १९८७ चं नोबेल मिळालं.

पण ग्लुकोज मोठं अवघड गिऱ्हाईक! त्याच्या अंगावर पाण्यासारखेच ओएच गट असतात. रक्तात पाणीच पाणी. त्या गर्दीत त्याला ओळखायचं कसं? एक युक्ती बोरॉनची. बोरॉनिक आम्लाचा रेणू साखरेच्या जवळजवळच्या दोन ओएच गटांना धरतो आणि सोडतोही. साखर खर्च होत नाही. त्याला चमकणारा रेणू जोडला, की प्रकाशावरून साखर कळते. जपानमध्ये शिंकाई आणि टोनी जेम्स यांनी १९९० च्या दशकात यावर पायाभूत काम केलं. याच तत्त्वावरचा, दंडाच्या कातडीखाली बसवायचा 'एव्हरसेन्स' संवेदक अमेरिकेत २०१८ मध्ये ९० दिवसांसाठी मंजूर झाला. २०२४ मध्ये वर्षभर चालणारा आला. मात्र पडताळणीसाठी बोट अधूनमधून टोचावंच लागतं.

दुसरी युक्ती ब्रिस्टलच्या अँथनी डेव्हिस यांची. जात्याच्या दोन तळ्यांमध्ये दाणा बसावा, तसं ग्लुकोज वरच्या आणि खालच्या सपाट भागांमध्ये बसतं. बाजूचे खांब त्याचे ओएच गट धरतात. त्यांच्या गटाचा असा रेणू २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर बहुतेक साखरांना तो फारशी दाद देत नाही.

हे सगळं घरोघरी, परवडणाऱ्या दरात यायला वेळ लागेल. तोवर दोनच गोष्टी सांगतो. डबीचं झाकण घट्ट लावा. आणि आकडा पटला नाही, तर औषध वाढवण्याआधी पुन्हा तपासा, डॉक्टरांना विचारा. आमच्याकडे झाकणाची जबाबदारी आता वहिनींकडे आहे.