आधी मोजा, मग बदला

(गणेशोत्सवात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा नीट लिहून काढला आहे.)



मला इथे बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मी काय बोलणार? मी बँकेतला माणूस. बत्तीस वर्षं खाती जुळवली. तर सेक्रेटरी म्हणाले, "काका, चपटीबद्दल बोला."

चपटी म्हणजे कोण, हे जुन्या लोकांना सांगायला नको. नवीन आलेल्यांसाठी सांगतो. सी विंगखाली, शेवटच्या खांबाजवळ जी लाल, दोन सीटची, उघड्या टपाची गाडी असते ती. नाव आपल्याच मुलांनी ठेवलं. माझ्या धाकट्या भावाची गाडी. आपल्या सोसायटीचा ताबा मिळाला २००० साली, आणि गाडीही २००० सालचीच. भावाने ती २००७ मध्ये सेकंडहँड घेतली. दर रविवारी सकाळी तो ती धुवायचा आणि मग खाली जमलेल्या पोरांना एकेक करून गेटपर्यंत फेरी मारायचा. आज इथे बसलेल्या कितीतरी जणांनी लहानपणी ती फेरी मारलेली आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये भाऊ गेला. गाडी तिथेच राहिली. आधी टायर बसले, मग बॅटरी, मग धूळ. २०२४ च्या दिवाळीनंतर कमिटीची नोटीस लागली की रंगकाम आणि पेव्हर ब्लॉकच्या कामासाठी पार्किंगमधली बंद वाहनं तीन महिन्यांत हलवावीत. नोटीस बरोबरच होती. त्यात गाडीच्या नोंदणीची मुदत २०२५ मध्ये संपत होती. खासगी गाडीची पहिली पंधरा वर्षं झाली की नोंदणी पाच-पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते, आणि तपासणीत दिवे, इंडिकेटर, ब्रेक सगळं चाललं पाहिजे. भावजय म्हणाली, "दादा, भंगारवाल्याला बोलवा. मला बघवत नाही." पुतणी काहीच बोलली नाही. ती नुसती खाली जाऊन गाडीवरची धूळ पुसून आली.

मग मी ती गाडी टो करून एका गॅरेजमध्ये नेली. चार तक्रारी होत्या. एक, चार्ज केलेली बॅटरी चार दिवसांत उतरते. दोन, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. तीन, हेडलाइट लावले की पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा नाचतो. चार, इंजिन चालू होतं, पण तापलं की बंद पडतं आणि निवल्याशिवाय चालू होत नाही. गॅरेजवाल्यांनी दोन दिवस ठेवून सांगितलं, "गाडीचा कॉम्प्युटर गेलाय. वायरिंग पूर्ण बदलावं लागेल. ९२ हजार, आणि पार्ट मिळेल याची गॅरंटी नाही." गाडी बनवणारी कंपनी छोटी होती, मोजक्याच गाड्या निघाल्या, त्यामुळे पार्टचं म्हणणं खरं होतं. मी गाडी परत आणली.

आता इथून पुढे जे सांगतो ते सगळं मी साठी उलटल्यावर शिकलो, तेव्हा कुणालाही जमेल.

बँकेत दिवसअखेर ताळा जुळला नाही तर आम्ही काय करायचो? नवीन वही आणायचो नाही. एकेक व्हाउचर तपासायचो. गाडीची वीज अगदी तशीच आहे. बॅटरीतून बारा-साडेबारा व्होल्ट निघतात. दिव्याला किती मिळाले, वाटेत किती गेले, याचा हिशेब जुळला पाहिजे. जिथे जुळत नाही तिथे चूक आहे. यासाठी लागतो मल्टिमीटर. माझा ६५० रुपयांचा आहे.

हे मला शिकवलं बी विंगमधल्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या काकांनी. मी बंद दिव्याची वायर मोजत बसलो होतो. ते वरून ओरडले, "अहो साहेब, दिवा लागलेला असताना मोजा! रिकाम्या नळाचं प्रेशर काय बघताय?"

पहिली गोष्ट बॅटरी. रात्रभर स्वस्थ ठेवलेली चांगली बॅटरी सकाळी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसले तर चार्जिंग ठीक आहे. आमचं चार्जिंग ठीक निघालं. बॅटरी मात्र इतक्या वेळा पूर्ण उतरली होती की ती बदलावीच लागली. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड होती. ती खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने निघते. हातमोजे घालून करा.

दुसरी गोष्ट अर्थिंग, आणि निम्मी गोष्ट इथेच आहे. साध्या गाडीत दिव्याकडे वीज वायरने जाते आणि परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. चपटीची बॉडी फायबरची. फायबरमधून वीज वाहत नाही. म्हणून प्रत्येक दिव्याची परतीची काळी वायर वेगळी आणून चासीला एका बोल्टवर बांधलेली असते. पंचवीस पावसाळ्यांनी तो बोल्ट गंजला. मागचे दिवे लावून मी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी दिव्याच्या काळ्या वायरवर धरली. तिथे ०.१ किंवा फार तर ०.२ व्होल्ट यायला हवेत. आले १.८! म्हणजे जवळजवळ दोन व्होल्ट तो गंज खात होता. परतीची वाट अडली की वीज शेजारच्या दिव्यातून वाट काढते. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर का मिणमिणत होता, ते मला त्या क्षणी कळलं.

बोल्ट काढला, पॉलिश पेपरने चासी चकचकीत होईपर्यंत घासली, नवीन रिंग टर्मिनल लावली, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली फासली. डॅशबोर्डमागेही असाच एक बोल्ट होता, त्याला तेच केलं. काटे नाचायचे थांबले. चारपैकी दोन तक्रारी गेल्या. खर्च शेकड्यांत.

तिसरी गोष्ट, बॅटरी उतरणं. इथे मीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या निगेटिव्ह केबलच्या मध्ये जोडायचा. गाडी बंद, दारं बंद, आणि काही मिनिटं थांबायचं. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. (माझा गेला.) बंद गाडीने साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी खावं. आमची ३१० खात होती. दिवसाला साडेसात अँपिअर-तास होतात, आणि बॅटरी ३५ ची. म्हणजे चार दिवसांत संपणारच. ताळा जुळला बघा!

मग एकेक फ्यूज काढत गेलो. सातवा फ्यूज काढला आणि ३१० चे २५ झाले. त्या फ्यूजवर कुणीतरी नंतर चोरीचा अलार्म जोडला होता. वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळलेली, आणि वर उंदरांनी कुरतडलेलं. आपल्या पार्किंगमधल्या उंदरांबद्दल मी वेगळं काही बोलत नाही, एजीएममध्ये बोलू. तो अलार्म काढून टाकला.

चौथी तक्रार मात्र मला पुरून उरली, आणि इथे मी चूक केली. तापल्यावर इंजिन बंद पडतं म्हणजे पेट्रोल पंपच गेला, असं मी ठरवून टाकलं. मोजलं नाही. नाना पेठेतून ३,९०० रुपयांचा पंप आणून बसवला. पहिल्या फेरीला गाडी कर्वे रोडवर, ऐन सहा वाजता, बंद पडली. ढकलायला दोन कॉलेजची मुलं आली म्हणून बरं.

मग पुतणी म्हणाली, "काका, तुम्हीच सांगता ना, आधी मोजा म्हणून?"

ए विंगमधला एक मुलगा मोबाइलला जोडायचा स्वस्त स्कॅनर घेऊन आला. पण तो नव्या गाड्यांशी बोलतो, आमच्या २००० सालच्या गाडीशी त्याचं जमेना. तुमची गाडी गेल्या दहा-बारा वर्षांतली असेल तर तो जरूर घ्या. फक्त लक्षात ठेवा, स्कॅनर तक्रार कुठल्या सर्किटची आहे एवढंच सांगतो. कुठला पार्ट बदला, हे तो सांगत नाही.

मग आम्ही इंजिनचा तापमान सेन्सर काढला आणि घरी पातेल्यात पाणी तापवून त्यात धरला. या प्रकारच्या बहुतेक सेन्सरचा रोध थंड असताना दोन-अडीच हजार ओहम आणि पाणी उकळायला लागलं की दोनशेच्या आसपास येतो. आमचा अगदी तसाच आला. सेन्सर निर्दोष. (पातेलं आता गॅरेजखाती जमा आहे, घरात परत घेतलं जात नाही.)

मग टेलिफोनवाल्या काकांनी विचारलं, "बंद पडल्यावर किल्ली फिरवली की पंपाचा आवाज येतो का?" थंड गाडीत किल्ली फिरवल्यावर दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायची. तापलेल्या गाडीत शांतता. म्हणजे पंपापर्यंत वीजच पोचत नव्हती. मध्ये काय असतं? रिले. पुतणीने घरून हेअर ड्रायर आणला आणि थंड गाडीत फक्त रिले गरम केला. इंजिन बंद! ड्रायर काढला, रिलेवर टिचकी मारली, पंप गुणगुणायला लागला. रिलेचं झाकण उघडून भिंगातून पाहिलं तर एका पायाभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर. तापलं की पाय आणि सोल्डर सुटे, निवलं की पुन्हा चिकटलेले. मी तो सोल्डर केला, आणि भरवसा नको म्हणून २४० रुपयांचा नवीन रिलेही लावला. जुना दुरुस्त केलेला गाडीत स्पेअर म्हणून आहे.

आणि तो "गेलेला" कॉम्प्युटर? तो पहिल्या दिवसापासून ठणठणीत होता. गॅरेजवाल्यांना मी दोष देत नाही. एका चिरेसाठी दोन आठवडे बसणं त्यांना परवडत नाही. ते मला परवडतं, कारण मी रिटायर्ड आहे. पण खरोखरच बोर्ड खराब निघाला तरी लगेच नवा घेऊ नका. जुन्या बोर्डांवरचे कपॅसिटर अनेकदा फुगतात, गळतात. कपॅसिटर स्वस्त असतो, पैसे कौशल्याचे. बोर्ड दुरुस्त करणारा चांगला कारागीर शोधा. सुट्या भागांसाठी तपकीर गल्ली आहेच.

हिशेब सांगतो, नाहीतर बँकवाला कसला? मीटर ६५०, वायर-टर्मिनल-फ्यूज ७८०, कॉन्टॅक्ट क्लीनर ३२०, रिले २४०, सोल्डरिंगचं साहित्य ४५०, अलार्म काढायची मजुरी ३००. एकूण २,७४०. बॅटरी ४,१००. आणि माझ्या घाईची फी, म्हणजे तो पंप, ३,९००. सगळे मिळून १०,७४० रुपये.

काही गोष्टी मात्र घरी करू नका. एअरबॅग असलेल्या गाडीत त्याच्या पिवळ्या वायरींना हात लावू नका. चालू इंजिनच्या स्पार्क प्लगच्या वायरींजवळ जाऊ नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. पेट्रोलच्या नळ्या मेकॅनिककडेच. काम सुरू करताना बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडा. आणि फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठ्या अँपिअरचा घालू नका. फ्यूज ओरडून काहीतरी सांगत असतो, त्याचं तोंड बंद केलं तर पुढे वायर जळते.

जाता जाता एक. आपल्या मीटर रूमच्या आणि पंपाच्या पॅनेलच्या वायरिंगलाही पंचवीस वर्षं झाली. तिथले बोल्टही सैल होतात, गंजतात. ते तपासणं माझं काम नाही, परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं आहे. पण दरवर्षी अर्थिंग आणि सगळे जोड तपासून घ्यावेत असं मी कमिटीला लिहून दिलं आहे, आणि त्यांनी ते मान्य केलं आहे.

मुदतीच्या आठ दिवस आधी चपटी स्वतःच्या चाकांनी पार्किंगमधून बाहेर गेली. मे महिन्यात तपासणी पास झाली, २०३० पर्यंत नोंदणी मिळाली. त्या दिवशी गाडी मी चालवली नाही, पुतणीने चालवली. मी शेजारी बसलो होतो. परत आलो तर भावजय गेटवर उभी होती. काही बोलली नाही. पुतणीला म्हणाली, "एक फेरी मला मार."

आता रविवारी सकाळी ज्या मुलांना फेरी हवी असेल त्यांनी खाली यावं, गेटपर्यंतच नेतो. आणि ज्यांना मीटर हवा असेल त्यांनी माझ्याकडून न्यावा. वही ठेवली आहे. नाव, फ्लॅट नंबर आणि परत करायची तारीख लिहायची.