पारपटल व बुबुळ यांचा एक विरळ विकार
(सुरत येथील मराठी भाषकांपुढे दिलेल्या व्याख्यानावरून)



उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली असंख्य कुटुंबे राहतात. घरोघरी स्त्रिया साड्यांना टिकल्या लावतात, धागे कापतात. हे सारे काम नजरेचे. म्हणून आज मोतीबिंदू बाजूस ठेवून एका विरळ विकाराविषयी बोलतो. कारण तो बहुधा २० ते ५० वर्षे वयाच्या स्त्रियांना, आणि तोही एकाच डोळ्यास होतो.

डोळ्याच्या पुढील पारदर्शक भागास पारपटल म्हणतात. त्याच्या आतील बाजूचा पेशींचा एकेरी थर पारपटलातील पाणी सतत बाहेर काढून ते स्वच्छ राखतो. या विकारात त्या पेशी आपला धर्म सोडून पापुद्र्यासारख्या बुबुळावर पसरतात. पापुद्रा आकसला की बाहुली जागची सरकते, क्वचित बुबुळास भोकेही पडतात. डोळ्यातील द्रवाच्या निचऱ्याची वाट बुजते व काचबिंदू होतो. बोस्टनचे डॉ. चँडलर यांनी १९५६ साली याच्या एका प्रकाराचे वर्णन केले. कारण अद्याप सिद्ध झालेले नाही. मात्र हा विकार सांसर्गिक नाही, सहसा आनुवंशिकही नाही. तेव्हा सोयरीक मोडण्याचे प्रयोजन नाही.

मुख्य खूण अशी : सकाळी धूसर दिसते, दुपारपर्यंत निवळते. झोपेत पापण्या मिटलेल्या असल्याने पारपटलातील ओल उडून जात नाही व ते सुजते. पुष्कळ जणी याला जागरणाचा परिणाम समजतात. दुसरा डोळा चांगला असल्याने उणीव जाणवतही नाही. म्हणून शिक्षकांनी पालकसभेत एकेक डोळा झाकून पाहण्यास अवश्य सांगावे.

नेत्रतज्ज्ञ डोळ्याचा दाब मोजतात, निचऱ्याचा कोन भिंगातून पाहतात. विशेष सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी पेशी उजळ व त्यांच्या कडा काळ्या दिसतात; येथे नेमके उलट दिसते. एवढ्यावरून निदान बरेचसे पक्के होते.

पापुद्रा नाहीसा करणारे औषध नाही. थेंबांनी दाब आटोक्यात ठेवावा लागतो. ते न पुरल्यास शस्त्रक्रियेने निचऱ्याची नवी वाट करतात. परंतु तीही पापुद्र्याने बुजू शकते, म्हणून काहींना बारीक नळी बसवितात. पारपटल फारच सुजल्यास नेत्रदानातून मिळालेला आतील थर बसविता येतो. गेलेली नस मात्र परत येत नाही.

आखाजीला माहेरी जाताना थेंबांची बाटली व केसपेपर विसरू नये. तेथे महिनाभर राहणे झाले, तर जळगाव, धुळे वा नंदुरबारच्या शासकीय रुग्णालयात तोच कागद दाखवून दाब मोजून घ्यावा.