मुळा-पवनेच्या बेटांवरचे पाहुणे

दसरा झाला, नदीचे गढूळ पाणी उतरले, की आमच्या सांगवीच्या दोन अंगांनी वाहणाऱ्या मुळा आणि पवना या नद्यांच्या पात्रांत लहान-लहान बेटे डोके वर काढतात. बेट म्हटल्यावर फार मोठे काही डोळ्यांपुढे आणू नका हं! चार खडक, थोडा गाळ आणि त्यावर माजलेले गवत, एवढेच त्यांचे वैभव. कुंपण नाही की दारावर पाटी नाही. पण आश्विन-कार्तिकात तिथे जे पाहुणे उतरतात, त्यांतले कित्येक हिमालयातून, तर काही त्याही पलीकडून आलेले असतात.

एखाद्या सकाळी दापोडीच्या बाजूला, पवना मुळेला मिळते तिथे जाऊन पाहा. पाठीमागे मोटारींचा गोंगाट, पण नजर पाण्यावर ठेवा. तो पाहा पांढरा धोबी. शेपटी सारखी वर-खाली. परीट घाटावर धुणे आपटतो ना, तशी! म्हणून तर हे नाव. त्याच्या शेजारी तुरुतुरु चालणारा तपकिरी पक्षी म्हणजे तुतवार. हा उन्हाळ्यात काश्मीरकडच्या ओढ्याकाठी अंडी घालतो आणि पाऊस सरायच्या आतच इकडे परततो. हळदी-कुंकू बदक मात्र आपल्याच देशचे. काळ्या चोचीच्या टोकाला हळद आणि कपाळाशी कुंकवाचे दोन ठिपके.

आता हे सारे बेटावरच का जमतात? चहूकडे पाणी असल्यामुळे कुत्री-माणसे सहजासहजी पोचत नाहीत. उघड्यावर बसले की शत्रू लांबून दिसतो. आणि काठच्या उथळ चिखलात किडे-अळ्यांचे ताट वाढलेलेच असते.

मागे माझी नात बरोबर होती. लाल, लांब काड्यांसारख्या पायांचे शेकाट्यांचे थवे पाहून ती म्हणाली, "आजोबा, एवढे पक्षी आलेत म्हणजे आपली नदी स्वच्छ झाली ना?"

श्रोतेहो, मला 'नाही' म्हणावे लागले. सांडपाण्याच्या गाळात अळ्या फार होतात आणि शेकाट्याला त्या चालतात. तेव्हा त्याची गर्दी ही नदीची प्रशस्ती नव्हे. याउलट नदी सुरय हा पक्षी पाण्यात सूर मारून मासे पकडतो आणि उन्हाळ्यात उघड्या वाळूच्या बेटावर अंडी घालतो. त्याला मासे हवेत आणि निर्धास्त बेटही हवे. तो दिसेनासा झाला, तर मग काळजी करावी. म्हणजे पक्षी किती आले, याहून कोण आले आणि कोण आले नाही, हे पाहणे महत्त्वाचे.

मुळेच्या काठी वाकडपासून सांगवीपर्यंत नदीकाठ सुधारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. घाण पाणी थांबावे, याला कोण नको म्हणेल? पण काठची झुडपे काढून, बेटे उपसून पात्र नुसते कालव्यासारखे सरळ केले, तर पाणी नितळ होऊनही हे पाहुणे उतरणार कुठे? काम करणाऱ्यांनी आणि आपणही हा प्रश्न आधी विचारायला हवा. बेट उपसून झाल्यावर विचारून काय उपयोग!

आणि विचारायचे तर हाताशी नोंद हवी. 2020 पासून महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. 5 ला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, 12 ला सालिम अलींचा. त्या आठवड्यात एक साधी वही घ्या. तारीख, जागा, पक्षी, संख्या, एवढेच लिहा. नाव ठाऊक नसेल तर चोच, पाय, शेपटी यांचे वर्णन लिहा. पुढल्या वर्षी त्याच जागी पुन्हा उभे राहा. दोन पाने शेजारी ठेवलीत, की नदीने वर्षभरात काय कमावले आणि काय गमावले, ते तुमच्या वहीतच दिसेल.