अर्धं जुळलं, तरी…

दहिसरला आमच्या इमारतीत एक शाळकरी मुलगा आहे. तीन वर्षांपूर्वी त्याला रक्ताचा कर्करोग झाला. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. केमोथेरपीनंतर डॉक्टरांनी मूळपेशींचं प्रत्यारोपण सुचवलं. थोरल्या बहिणीची तपासणी झाली, पण जुळलं नाही. त्या संध्याकाळी ती जिन्यात बसून मला म्हणाली, ‘‘काका, सख्खी बहीण असून माझं कसं जुळलं नाही?’’

दोष तिचा नव्हता. इथे रक्तगट नव्हे, तर पेशींवरची ‘एचएलए’ नावाची खूण जुळावी लागते. तिची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात. निम्मी आईकडून येतात, निम्मी वडिलांकडून. त्यामुळे सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवानी यांनी देशातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं, तेव्हा नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा जुळली होती. सगळ्यांचं नशीब तसं नसतं. मात्र आई-वडील निम्मे तरी जुळतातच, आणि आता निम्म्या जुळणीवरही प्रत्यारोपण होतं.

मग दाता आई की वडील? इथे आपल्या रक्तातल्या ‘नैसर्गिक मारक पेशीं’चा विचार येतो. या पेशी गस्तीच्या शिपायासारख्या. समोरच्या पेशीवर ओळखीची खूण दिसली की गप्प. दिसली नाही की हल्ला. १९८६ साली स्वीडनचे क्लास कारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगातून दाखवलं. खूण तपासणारे या पेशींचे हात, म्हणजे ‘किर’ नावाचे ग्राहक. त्यांची जनुकं एकोणिसाव्या गुणसूत्रावर. म्हणून एचएलए पूर्ण जुळलेल्या भावंडांतही किर वेगळे असू शकतात.

दात्याच्या मारक पेशी जी खूण शोधतात ती रोग्याच्या पेशींवर नसेल, तर उरलेल्या कर्करोगाच्या पेशी त्या टिपू शकतात. २००२ साली इटलीतल्या पेरुजियाच्या डॉक्टरांनी मायलॉइड ल्युकेमियाच्या रोग्यांत असा फायदा नोंदवला. गझल लिहिणाऱ्या मला हे पटकन उमगलं. यमक जुळावंच लागतं, पण सगळेच शब्द सारखे झाले तर शेर उभा राहत नाही.

पण कवीने इथे वाहवत जाऊ नये. पुढच्या सगळ्या अभ्यासांत हा फायदा दिसला नाही. म्हणून एचएलए, दात्याचं वय, प्रकृती, रोग्याच्या रक्तातली दात्याविरुद्धची प्रतिद्रव्यं हे आधी पाहतात. त्यानंतरही निवडीला वाव उरला, तर काही केंद्रं किर तपासतात.

आमच्या मुलाला आईच्या पेशी दिल्या. आज तो शाळेत जातो. ते किरमुळे झालं, असं डॉक्टर म्हणत नाहीत. मीही म्हणणार नाही. बहिणीला मात्र मी एवढंच सांगितलं, ‘‘न जुळणं म्हणजे नातं कमी पडणं नव्हे गं.’’

ती गप्प राहिली. पुढे अठरा वर्षं पूर्ण होताच तिने दात्यांच्या नोंदणीसाठी गालाच्या आतल्या बाजूचा नमुना दिला. भावाला तिचं जुळलं नाही. कुणा अनोळखी माणसाला जुळेलही. आपल्या घरातल्या तरुण मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.