तपासणीसाठी तुकडा कोणता? : स्वादुपिंडाचा कर्करोग आणि जनुकांची चाचणी



सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी असाध्य व्याधीचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतीत दर दोन-चार इमारतींमागे कर्करोगाशी झुंजणारे एखादे घर असतेच, आणि त्या घराला पैशाइतकीच वेळेवर मिळणाऱ्या माहितीची गरज असते.

स्वादुपिंड जठराच्या मागे, कण्याला लागून दडलेले असते. तेथील गाठ हाताला लागत नाही. कावीळ, पाठदुखी, घटणारे वजन किंवा उतारवयात अचानक उद्भवलेला मधुमेह यांतून ती प्रकट होते, तोवर शंभरातील जेमतेम पंधरा-वीस रुग्णच शस्त्रक्रियेस योग्य उरलेले असतात. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी याच रोगाने निधन झाले, तेव्हा मराठी घराघरांत या अवयवाचे नाव प्रथमच उच्चारले गेले असावे.

दीर्घकाळ या रोगाच्या सर्व रुग्णांना जवळपास एकच औषधयोजना मिळत असे. आता गाठीतील जनुके तपासून काही रुग्णांसाठी वेगळा मार्ग निवडता येतो. बीआरसीए जनुकात जन्मजात दोष असलेल्या आणि रोग पसरलेल्या रुग्णांना, प्लॅटिनमयुक्त केमोने रोग आटोक्यात आल्यावर ओलापॅरिब ही गोळी दिली असता रोग पुन्हा वाढण्यापूर्वीचा काळ ३.८ महिन्यांवरून ७.४ महिन्यांवर गेला, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. एकूण आयुर्मान मात्र त्याने वाढले नाही, हेही त्याच अभ्यासाने सांगितले. जाहिरातींत हे दुसरे वाक्य सहसा नसते.

चाचणीची खरी अडचण यंत्रात नसून नमुन्यात आहे. स्वादुपिंडाच्या गाठीत कर्कपेशी थोड्या आणि त्यांच्याभोवती व्रणासारखा चिवट तंतुमय भाग पुष्कळ, अशी तिची घडण असते. सुई गाठीत शिरूनही हाती येणारा बहुतांश माल निरोगी पेशींचा असू शकतो. नमुन्यात सुमारे २० टक्के तरी कर्कपेशी असाव्यात, अशी अनेक प्रयोगशाळांची अट असते. त्याहून कमी असल्यास दोष असूनही तो दिसत नाही आणि अहवालावर ‘दोष आढळला नाही’ असे छापून येते. या रोगात ९० टक्क्यांहून अधिक गाठींमध्ये केरास जनुक बिघडलेले असते. म्हणून अहवालात केरासचाही दोष नसेल, तर जाणकार डॉक्टर प्रथम नमुन्याविषयीच शंका घेतात.

मग तुकडा कोणता निवडावा? शस्त्रक्रिया झाली असेल तर काढलेल्या गाठीतून भरपूर ऊती मिळतात. मात्र आधी केमो वा किरणोपचार झाले असतील तर तिच्यात जिवंत कर्कपेशी विरळ असतात, आणि अशा वेळी उपचारापूर्वीची लहानशी बायोप्सीही अधिक उपयोगी ठरते. दुर्बिणीतून सोनोग्राफीच्या साहाय्याने नमुना घेताना केवळ पेशी शोषणाऱ्या बारीक सुईपेक्षा ऊतीचा सलग धागा काढणारी सुई बरी. रोग यकृतात पोहोचला असेल तर तेथील गाठ सुईला सुलभ असते. पोटात साठलेल्या पाण्यातील पेशीही कधी पुरतात. हाडातील तुकडा मात्र शेवटचा पर्याय, कारण हाड मऊ करण्यासाठी वापरलेले आम्ल डीएनएची नासाडी करते.

येथे अनेकांताचे स्मरण होणे साहजिक आहे. हत्तीचा पाय चाचपणाऱ्याला खांब भासतो, तसे यकृतातील तुकड्यावरून स्वादुपिंडाचे निदान कसे करावे? दृष्टांत उत्तम, पण येथे तो पूर्णपणे लागू पडत नाही. रोगाला चालना देणारे प्रमुख दोष मूळ गाठीत आणि पसरलेल्या गाठींत बहुधा समानच आढळतात. म्हणून जागेपेक्षा नमुन्याचा कस महत्त्वाचा.

हा कस पारखतो पॅथॉलॉजिस्ट. रुग्णाला तो कधी दिसत नाही. तो काचपट्टीवर कर्कपेशींचा भाग पेनाने आखून देतो आणि तंत्रज्ञ तेवढाच भाग खरवडून घेतो. परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून मान्यता पावलेल्या या मराठी संशोधकाचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, ही खेदाची बाब होय.

बायोप्सीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवून नंतर पॅराफिन मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. रुग्णालयात त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. वसईत बायोप्सी आणि परळला उपचार, असे अनेक कुटुंबांचे होते. विरार लोकलने दादर गाठताना फाईलमध्ये कागद असतात, ब्लॉक मात्र वसईच्या प्रयोगशाळेतच राहिलेला असतो. तो मागून घ्यावा, पोच द्यावी आणि उन्हात तापू देऊ नये. ठोकळ्यातील ऊती मर्यादित असतात, निरनिराळ्या चाचण्यांसाठी त्याचे काप घेता घेता ती संपते. त्यामुळे जनुकचाचणी करायची आहे, हे बायोप्सीच्या आधीच डॉक्टरांना सांगितलेले बरे. पुन्हा सुई टोचणे अशक्त रुग्णाला सोसेलच असे नाही. ऊती न मिळाल्यास रक्तात तरंगणारा गाठीचा डीएनए तपासतात. रोग स्वादुपिंडापुरताच असेल तर तो रक्तात फार कमी उतरतो, म्हणून तेथील नकारात्मक उत्तर अंतिम मानू नये. अहवालाला काही आठवडे लागतात, तोवर केमो थांबवून ठेवू नये.

आणखी एक नमुना घराघरांत टाळला जातो. तो म्हणजे जन्मजात दोष शोधण्यासाठी दिलेले रक्त किंवा लाळ. गाठीची चाचणी त्याची जागा घेऊ शकत नाही. घराण्यात कोणाला कर्करोग नसला तरी ही चाचणी या रोगाच्या प्रत्येक रुग्णाची व्हावी, अशी शिफारस अमेरिकेतील तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत २०१९ पासून आहे. बीआरसीएचा दोष पित्याकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून आत्याचा स्तनाचा किंवा आजीचा अंडाशयाचा कर्करोगही डॉक्टरांना सांगावा लागतो. तेथेच घरातील वडीलधारे अडखळतात. मुलीची सोयरीक ठरायची आहे, बोभाटा नको, असे म्हणून रक्त दिलेच जात नाही. त्या मुलीच्या अंगी दोष असेल, तर नियमित एमआरआय आणि वेळेवर सल्ला यांनी स्तनाचा रोग लवकर हाती लागण्याची संधी तिला मिळाली असती. रुग्ण गेल्यावर त्याचे रक्त मिळत नाही. उरतो तो एखाद्या प्रयोगशाळेच्या कपाटातील मेणाचा ठोकळा, आणि त्याची पावती कोणत्या फाईलमध्ये आहे हे घरात एकाला तरी ठाऊक असावे लागते.