एकच माप : ताराबाई शिंदे यांचे जीवन व विचार
(रोहणा, जिल्हा वर्धा, येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत झालेले भाषण)



रोहण्याहून पश्चिमेकडे वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड लागते आणि वऱ्हाडाच्या पश्चिम टोकास बुलढाणा आहे. त्या गावी सुमारे 1850 साली ताराबाई शिंदे यांचा जन्म झाला. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे तेथील सरकारी कचेरीत कारकून होते. जोतीराव फुले यांनी 1873 साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे ते सभासद होते. जोतीरावांनी 1848 साली पुण्यास मुलींची शाळा काढली, तरी ताराबाईंच्या बालपणी बुलढाण्यास तशी सोय नव्हती. तेव्हा बापूजींनी मुलीस घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या मुलीला बाप हाच शिक्षक लाभला.

1881 साली सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाची हत्या केल्याचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी करण्यात आली. या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर दोषारोप होऊ लागले. ज्या रूढीने विधवेस पुनर्विवाहाची वाट बंद केली तिच्याविषयी मात्र हे टीकाकार मौन बाळगून होते. हा अन्याय ताराबाईंना सहन झाला नाही. 1882 साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात त्यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा 52 पृष्ठांचा निबंध छापून प्रसिद्ध झाला.

या निबंधाचे सारे बळ त्याच्या नावातच आहे. साहस, कपट, अविचार असे जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जात, त्यांतील एकेक घेऊन ताराबाईंनी तो पुरुषांना लावून पाहिला. बायको वारल्यावर पुरुषाने पुन्हा बोहल्यावर चढावे आणि नवरा वारल्यावर स्त्रीने जन्मभर कोंडून घ्यावे, हा कोणता न्याय, असे त्यांनी विचारले. शास्त्रे, पुराणे, नाटके व कादंबऱ्या यांचीही त्यांनी याच मापाने झडती घेतली. घेताना एक पायली आणि देताना दुसरी वापरणारा व्यापारी लबाड ठरतो. समाजाचा व्यवहारही तसाच तपासावा, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होय.

त्या काळी हे लेखन अनेकांना रुचले नाही. जोतीरावांनी मात्र 1885 साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा पक्ष घेतला. तथापि त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले नाही आणि पहिलेही विस्मृतीत गेले. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. एवढी तेजस्वी लेखणी एका पुस्तकानंतर थांबली, यात मराठी भाषेची किती हानी झाली असेल, याचा विचार शिक्षकांनी अवश्य करावा.

आज खेड्यातील मुलीसाठी शाळा आहे. परंतु शाळेतील माप एकच आहे काय? वर्ग झाडावयाचा झाला की मुलींना हाक आणि वर्गप्रमुख नेमावयाचा झाला की मुलाचे नाव, असे घडते काय? कापूस वेचणीच्या दिवसांत मुलीचे नाव हजेरीपटावर आणि मुलगी मात्र शेतात किंवा धाकट्या भावंडाच्या पाळण्यापाशी, असे आढळते काय? आढळल्यास गुरुजींनी व बाईंनी त्या घरी जावे आणि पालकांस शांतपणे एवढेच विचारावे, की मुलगा असता तर त्याला घरी ठेवले असते काय?

हा प्रश्न विचारणे म्हणजेच तुलना होय. बापूजींनी आपल्या एका मुलीला शिकविले आणि तिने साऱ्या समाजाला प्रश्न विचारला. शिक्षकापुढे तर रोज वर्गभर मुली बसतात. त्यांतील एकीचीही पाटी मध्येच हातातून सुटू नये, हेच ताराबाईंचे खरे स्मरण ठरेल.