डाग दाखवा, कागद मागा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात सोसायटीच्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतर पैशाचे नियोजन'. 36 वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला दुसरा विषय कोण देणार? पण त्या विषयावर मी रोज संध्याकाळी ओट्यावर फुकट बोलतोच. आज मला तुमच्या तळपायांबद्दल बोलायचं आहे. हसू नका. आरशात तोंड आपण दिवसातून दहा वेळा पाहतो, तळपाय शेवटचा कधी पाहिला ते आठवून बघा.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, शेती करायचे. 1989 च्या सुमारास त्यांच्या डाव्या टाचेवर काळा डाग दिसू लागला. आपल्या भागात बाभळीचा काटा कुणाला मोडला नाही? घरात सगळ्यांनी काटाच धरला. "आरं, काटाच हाय, निघंल," असं दादाही म्हणायचे. मग गावातल्या एका जाणत्यानं बिब्ब्याचा चटका दिला. बिब्ब्यानं कातडी काळी पडतेच, त्यामुळे पुढे डाग मोठा झाला तरी तो बिब्ब्याचाच वाटला. सहा महिन्यांनी चालताना दुखायला लागलं तेव्हा एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कुरूप म्हणून ब्लेडनं वरचा भाग तासला, ड्रेसिंग केलं, आणि तासलेलं ते बादलीत टाकलं. आम्ही त्यांचे आभार मानून, फी देऊन परत आलो. मग जांघेत गाठ आली. पायाला जखम आहे म्हटल्यावर अवधाण येणारच, असं सगळे म्हणाले, मीही म्हणालो. मुंबईला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आधी जे काढलं त्याचा रिपोर्ट कुठे आहे?" रिपोर्ट नव्हता. चिठ्ठीसुद्धा नव्हती. वर्षभरात दादा गेले.

ज्या डॉक्टरांनी ब्लेड लावलं त्यांच्यावर मी बरीच वर्षे चिडून होतो. आता तितका नाही. का ते सांगतो.

या रोगाचं नाव मेलॅनोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. स्टेथोस्कोपचा शोध लावणारे फ्रान्सचे डॉक्टर लेनेक यांनीच त्याचं वर्णन 200 वर्षांपूर्वी केलं होतं. गोऱ्या लोकांत तो बराच आढळतो. भारतात मात्र एक लाख माणसांमागे वर्षाला एकही नाही इतका विरळा. म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरनं आयुष्यभरात एखादाही पाहिलेला नसेल. रोज त्यांच्यासमोर शंभर पाय येतात ते कुरूप, भोवरी, चिखल्या आणि भेगांचे. बँकेत पैसे मोजणारा कॅशियर लाखभर नोटांत एक खोटी नोट पटकन ओळखेल का? ओळखतो, पण त्याला कुणी आधी दाखवलेली असेल तर.

आणि पुस्तकातली चित्रं बहुतेक गोऱ्या पाठीवरची. आपल्यासारख्या सावळ्या-काळ्या लोकांत हा रोग उन्हानं होत नाही, आणि पाठीवर, दंडावर क्वचितच दिसतो. तो दिसतो तळपायावर, तळहातावर, नखाखाली. म्हणजे जिथे कुणी बघत नाही नेमकं तिथे. माझा नातू कानात वायरी घालून बॉब मार्ली नावाच्या जमैकाच्या गायकाची गाणी ऐकतो. त्या गायकाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 मध्ये हेच निघालं. आधी सगळ्यांना फुटबॉल खेळताना लागलेली जखम वाटली होती. डॉक्टरांनी अंगठा काढा म्हटलं, पण त्यांच्या पंथाला ते मान्य नव्हतं, त्यांनी नाही म्हटलं. 11 मे 1981 ला ते गेले, वय फक्त 36. नातवाला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्यासमोर कानातल्या वायरी काढल्या.

आता दुसरी गोष्ट. 2016 साली आमच्या हिच्या उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या खालच्या उंचवट्यावर, एक तपकिरी डाग दिसला. दिसला तोही सुनेला, तेल लावताना. ही म्हणाली, "लहानपणापासून असंल." मी दादांचा भाऊ, मला झोप लागेना. एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खुर्चीतूनच पाहिलं आणि म्हणाले, "तीळ आहे मावशी, वयानं येतात." बाहेर तीस पेशंट बसले होते, त्यांचंही खरं होतं. मी बाहेर येऊन गाडीवर बसलो आणि मला आठवलं ते बँकेतलं. कर्जाचा अर्ज घेऊन नुसतं "साहेब, बघा ना" म्हणणाऱ्याला साहेब उद्या बोलावतो. ज्याचे सातबारा, आठ-अ, नो-ड्यूज सगळं क्रमानं लावलेलं असतं, त्याच्या फाईलवर साहेबाला काहीतरी लिहावंच लागतं. हो नाहीतर नाही, पण लिहावं लागतं.

म्हणून मी हिच्या डागाची फाईल केली. नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी डागाशेजारी ठेवून दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात फोटो. (फोटोत शेजारी नाणं ठेवतात काही लोक. ठेवू नका, रुपयाच्या नाण्याचा आकार किती वेळा बदललाय ते बँकवाल्याला विचारा.) पहिल्या फोटोत पाच मिलिमीटर. तिसऱ्या महिन्यात आठ. कडा एका बाजूला पसरलेली, आणि मध्ये एक ठिपका बाकीच्यापेक्षा काळा. एका कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या: डाग कधी दिसला, कधी किती मापला, दुखतो का, आणि घरात कुणाला काय झालं होतं. शेवटच्या ओळीत दादांचं.

हा कागद घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. आधी कागद हातात दिला, मग पाय पुढे केला. फरक पाहा. त्यांनी कागद वाचला, खुर्ची पुढे ओढली, आणि टेबलातून भिंगासारखं दिवा असलेलं यंत्र काढलं. डर्मोस्कोप म्हणतात त्याला.

इथे मला एक गंमत कळली ती सांगायलाच हवी, कारण ती अगदी आमच्या धंद्याची आहे. तळपायावर अंगठ्याच्या ठशासारख्या रेघा असतात, उंचवटे आणि मधल्या चऱ्या. साध्या तिळाचा रंग बहुधा चऱ्यांत बसतो. वाईट डागाचा रंग उंचवट्यांवर चढतो. हे जपानी डॉक्टरांनी अशाच यंत्रातून अनेक पाय बघून शोधलं. आयुष्यभर मी अंगठ्याचे ठसे तपासले, निरक्षर खातेदारांचे, शाईत बुडवून. पायाचा ठसा असा वाचता येतो हे वयाच्या पासष्टीनंतर कळलं.

डॉक्टर म्हणाले, "काढून टाकू." मी विचारलं, काढलेलं तपासायला पाठवणार ना? ते म्हणाले, अर्थातच. पण मंडळी, दादांच्या वेळी हा प्रश्न आम्ही विचारला नाही. काही ठिकाणी डाग जाळून टाकतात, लेझरनं, विजेच्या सुईनं, अॅसिडनं. मग तपासायला काही उरतच नाही. घरात भावकीनंही विरोध केला, "चाकू लागला की पसरतो," म्हणून. हे खोटं आहे. तुकडा काढल्यानं रोग पसरत नाही, न काढल्यानं आत जातो. किती आत गेला ते मिलिमीटरमध्ये मोजतात आणि पुढचं जवळजवळ सगळं त्यावर ठरतं. ही जाडी मोजण्याची पद्धत डॉ. ब्रेस्लो यांनी 1970 मध्ये मांडली, म्हणून रिपोर्टमध्ये त्यांचं नाव येतं.

हिचा रिपोर्ट आला, मेलॅनोमा. जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी पुढे. एक मिलिमीटरच्या आतला. पुन्हा ऑपरेशन करून डागाभोवतीची एक सेंटिमीटर कातडी काढली आणि मांडीची कातडी तिथे लावली. दीड महिना ही खाटेवर. तेवढ्या दीड महिन्यात मला चहा करता आला नाही हे तिनं सगळ्या कॉलनीला सांगितलं. ती आज पहिल्या रांगेत बसली आहे, आणि तिच्या चालण्यात थोडा तिरपेपणा आहे तो त्याचा.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर उद्या सगळेजण पाय घेऊन दवाखान्यात उभे राहाल. माझ्या पाठीवर काळी खडबडीत चामखीळ आली तेव्हा मीच आधी घाबरलो. त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाहिलं, हसले, म्हणाले ही म्हातारपणाची चामखीळ, हिला काही करायचं नाही. मी फी दिली आणि आलो. लाज वाटली नाही. तसंही बहुतेक तीळ तीळच असतात. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 1985 साली तिळाचा आकार वेडावाकडा, कडा अस्पष्ट, रंग एकाहून जास्त आणि रुंदी सहा मिलिमीटरहून मोठी, अशी खूण सांगितली, पुढे त्यात 'बदलणारा' हा शब्द जोडला गेला. आपल्याला मला वाटतं तो शेवटचा शब्दच पुरेसा आहे. बदलणारा डाग. आणि नखावर उभी काळी रेघ आली आणि ती रुंद होऊ लागली, किंवा काळेपण नखाबाहेर कातडीवर उतरलं, तर लगेच.

महिलांना एक वेगळं सांगतो. आपल्याकडे अंगावर डाग म्हटलं की कोड नाहीतर कुष्ठाची भीती, लग्नाच्या मुलींची तर फारच. म्हणून लपवतात. डाग लपवण्यात जेवढे महिने जातात तेवढी जाडी वाढते.

डॉक्टरांपुढे काय बोलायचं? मी तिघांना असं बोलून दाखवलंय. पहिलं, पाय आपणहून उघडा करायचा, मोजा काढून, ते सांगायची वाट न बघता. मग सरळ म्हणायचं: साहेब, हा डाग चार महिन्यांत वाढलाय, हे फोटो. तुम्हाला हे काय वाटतं आणि ते नसेल तर दुसरं काय असू शकेल? 'काही नाही' असं उत्तर आलं तर, तेच केसपेपरवर लिहून द्या, आणि परत कधी दाखवू ते तारखेसह. भांडायचं नाही. लिहायची वेळ आली की माणूस पुन्हा एकदा बघतो, हे मी ऑडिटमध्ये छत्तीस वर्षे पाहिलंय. तरी समाधान नसेल तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. कॅन्सरच्या उपचाराला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, यादीतल्या रुग्णालयात रेशनकार्ड घेऊन विचारा. आमच्या दादांच्या वेळी यातलं फारसं काही नव्हतं, हेही खरं.

सेक्रेटरी घड्याळ दाखवत आहेत. मी डॉक्टर नाही, पण पट्टी आणि एक भिंग माझ्या खिशात आहे, आणि मंडपामागे चार प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून ठेवल्यात. चहा मिळायला अजून वीस मिनिटं आहेत. ज्यांना चप्पल काढायची आहे त्यांनी तिकडे या. ही पण येते आहे, बायकांचे पाय ती बघेल.